जाधवबाईंनी सांगितलं नाही

जाधवबाई कुणाच्या घरी गेल्या की आधी मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकायच्या. चपला काढायच्याही आधी. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "समोरचा बोलत असताना आपला डोळा चुकून घड्याळाकडे गेला ना, की त्याचं बोलणं तिथंच आटपतं. मग तो आपल्या सोयीचं बोलायला लागतो."

हे त्या मला स्टाफरूममध्ये डबा खाताना सांगत होत्या. डोंबिवलीच्या कॉलेजात मी नुकतीच अर्थशास्त्र शिकवायला लागले होते. ऐंशीचं दशक निम्मं उलटलं होतं. जाधवबाई समाजशास्त्राच्या, माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठ्या. स्टाफरूममध्ये एकच लांब टेबल होतं आणि कुणी कुठं बसायचं हे माझ्या येण्याआधीच कधीतरी ठरून गेलं होतं. खिडकीकडच्या टोकाला बाई बसायच्या. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, म्हणून ती मला मिळाली. ती रिकामी का होती, हा विचार माझ्या मनात बऱ्याच उशिरा आला.

उंच, सावळ्या, किंचित पुढे झुकून चालणाऱ्या. साड्या सुती आणि कडक इस्त्रीच्या. आवाज मात्र इतका हळू की वर्गात मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प बसायची, कारण नाहीतर काही ऐकूच यायचं नाही. त्या शिकवायच्या तो विषय होता सामाजिक संशोधनाच्या पद्धती. मुलांच्या मते जगातला सगळ्यात रुक्ष विषय. नमुना निवड, निरीक्षण, मुलाखत, प्रश्नावली. प्रत्येकाच्या व्याख्या, गुण आणि दोष. गाइड पाठ केलं की पास.

बाई पहिल्या तासाला पुस्तक उघडूच द्यायच्या नाहीत. सगळ्यांना कॉलेजजवळच्या भाजीबाजारात पाठवायच्या. कुणाला काही विचारायचं नाही, नुसतं उभं राहून पाहायचं आणि परत येऊन लिहायचं. एकदा माझा तास मोकळा होता म्हणून मी गंमत बघायला मागं जाऊन बसले. एका मुलानं उभं राहून वाचलं, "एक गरीब म्हातारी कोथिंबीर विकत होती."

"गरीब कशावरून?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, साडी फाटलेली होती तिची."

"मग साडी फाटलेली होती असं लिही. गरीब हे तुझ्या मनातलं. आणि म्हातारी कशावरून?"

"केस पांढरे होते, मॅडम."

"माझे बघ." बाईंनी मान वळवून कानामागचे पांढरे केस दाखवले. "मी म्हातारी का?"

मुलगा रडकुंडीला आला. "मॅडम, कोथिंबीर तरी लिहू ना?"

वर्गात हशा पिकला. बाईही हसल्या, तोंडावर पदर धरून. "कोथिंबीर लिही. पण उद्या एकदा जवळ जाऊन बघून ये."

मग त्या फळ्यावर एकच वाक्य लिहायच्या: पाहिलं ते एका पानावर, वाटलं ते दुसऱ्या पानावर. "आणि वाटलेलं पान फाडून टाकू नका हं," त्या बजावायच्या. "तेही लागतं. फक्त ते पाहिलेल्याच्या नावावर खपवायचं नाही."

रस्त्यानं त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे एक शिक्षणच होतं. गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे बघून त्या सांगायच्या, या घरात एक तान्हं आहे, एक जण पाळीत कामाला जातो, पाहुणे आलेले दिसतात. आणि लगेच स्वतःला थांबवायच्या. "अंदाज आहे. विचारल्याशिवाय खरं धरायचं नाही."

आडनावाच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. प्रश्नावलीत आडनाव, जात, उत्पन्न हे सगळं शेवटी. "आधी विचारलंत की पुढची सगळी उत्तरं त्या रंगाची येतात," असं त्या मुलांना सांगायच्या. त्यांना स्वतःला मात्र सगळे आधी तेच विचारायचे. आमच्याकडे नवीन आलेल्या एका प्राध्यापकांनी ओळख होताच विचारलं, "जाधव म्हणजे कुठले?"

"ठाण्याच्या वर्तकनगरचे."

"नाही, मूळचे?"

"मूळचेही तेच. वडील कारखान्यात होते. मी कॉलनीतच वाढले."

"तसं नव्हे हो..."

"मग कसं, सर? प्रश्न स्पष्ट असला की उत्तर स्पष्ट येतं."

सरांनी चहाचा कप उचलला आणि ते दुसऱ्या टोकाला गेले. बाई डब्याचं झाकण लावत मला म्हणाल्या, "आम्ही बौद्ध. सरळ विचारलं असतं तर सरळ सांगितलं असतं."

डोंबिवली पूर्वेला त्यांचा दोन खोल्यांचा ब्लॉक होता. आई होती तोवर दोघी, मग एकट्याच. लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. इमारतीतल्या बायका दुपारच्या त्यांच्याकडे यायच्या, सासूचं, नवऱ्याचं, मुलाच्या मार्कांचं सगळं ओतून जायच्या. बाई ऐकायच्या. त्याच बायका संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं करत जिने चढायच्या तेव्हा बाईंचं दार वगळून वर जायच्या. तिळगूळ नंतर कुणाच्या तरी मुलाच्या हातून यायचा, दारातल्या दारात.

"राग नाही येत?" मी विचारलं होतं.

"येतो ना," बाई म्हणाल्या. "तो दुसऱ्या पानावर."

त्यांचं खरं जग रविवारचं होतं. पीएच.डी.साठी त्या ठाण्याच्या खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात जायच्या. खाडीतली मासळी आटत चालली तशी मासळी विकणाऱ्या बायकांच्या घरात काय काय बदललं, हा त्यांचा अभ्यास. दोन-तीन वर्षं तर नुसत्या ओळखीतच गेली होती. एका रविवारी मी हट्टानं त्यांच्याबरोबर गेले.

हिराबाय नावाच्या कोळिणीच्या ओट्यावर आम्ही बसलो. साठीची बाई, कपाळावर मोठं कुंकू, समोर करंदीचा, म्हणजे बारीक कोळंबीचा, ढीग. "आलीस का गो जाधवीन? आज दुकटी?" म्हणत तिनं पाट सरकवला. बाईंनी घड्याळ पर्समध्ये टाकलं, पदर खोचला आणि करंदी सोलायला घेतली. मीही प्रयत्न केला आणि बोट टोचून घेतलं.

"धंदा कसा आहे, मावशी?" बाईंनी विचारलं.

"बरा हाय."

बाईंनी पुढची करंदी उचलली. मला राहवेना. मला भाव विचारायचे होते, मागणी-पुरवठा विचारायचा होता. बाईंनी गुडघ्यानं माझा गुडघा हळूच दाबला. करंदीची सालं पडत राहिली. एक मांजर आलं, हिराबायनं त्याला हाकललं, ते पुन्हा आलं. आणि मग खाली मान घालूनच हिराबाय बोलायला लागली.

"बरा कसला गो. जाल टाकला तं पिशव्या येतान पिलाष्टिकच्या. पोरगा बोलतं, आये, बाजारात बसू नको, मना लाज वाटतं. मी बसले म्हनून तुजी साला शिकून झाली, तवा नाय वाटली लाज? थोरला गेला तवापासून बोलावं कोनाशी? सून हाय, ती मुकी झालेय."

ते बोलणं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. मधून मधून आतून एक तरुण बाई येऊन पाणी, मग चहा ठेवून जात होती. तीच ती सून, सुनंदा. थोरला मुलगा तापानं गेला होता, तेव्हापासून ती सासरीच होती. तिची मुलगी छबी आजीच्या पाठीला रेलून उभी होती आणि माझ्या पर्सची चेन उघडत-लावत होती.

परतताना बाई म्हणाल्या, "पहिल्यांदा विचारल्यावर माणूस रीत म्हणून बोलतो. दुसऱ्यांदा न विचारता बोलतो, ते त्याचं असतं. तेवढं थांबता आलं पाहिजे." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाल्या, "पण मग ते सांभाळताही आलं पाहिजे. मी पहिल्याच दिवशी त्यांना शब्द दिलाय. इकडचं तिकडे जाणार नाही. घरातल्या घरातसुद्धा नाही. सासूचं सुनेला नाही, सुनेचं सासूला नाही."

हे त्या वेळी मला जरा जास्तच वाटलं होतं.

पुढच्या शिमग्यानंतर एका सकाळी स्टाफरूमच्या दारात हिराबाय उभी राहिली. बरोबर तिचा धाकटा मुलगा, काशिनाथ. सुनंदा छबीला घेऊन घरातून निघून गेली होती. कुठं, कुणाबरोबर, काही पत्ता नव्हता. विहिरी, खाडी, सुनंदाचं माहेर, सगळं शोधून झालं होतं.

"ती तुमच्याशी बोलायची," काशिनाथ म्हणाला. "आम्ही बघितलंय. तुम्ही आलात की मागच्या दारी बसायचात दोघी. काय बोलली ती?"

बाई उभ्या होत्या. टेबलाच्या कडेवर त्यांनी हात टेकवला होता.

"ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे माहिती आहे?"

"मला सांगता येणार नाही."

'मला माहीत नाही' एवढं म्हटलं असतं तर त्या सुटल्या असत्या. मी मनातल्या मनात त्यांना ते म्हणायला लावत होते. स्टाफरूममधले सगळे जण वर्तमानपत्रं खाली ठेवून बघत होते. काशिनाथचा आवाज चढला. पोलिसात जाईन म्हणाला, कॉलेजची अब्रू काढीन म्हणाला. कुणीतरी प्राचार्यांना बोलावून आणलं. प्राचार्यांनी बाईंना बाजूला घेतलं. "अहो, सांगून टाका ना. घरचा मामला आहे त्यांचा. कॉलेजला कशाला मध्ये?" बाईंनी नकारार्थी मान हलवली.

हिराबाय मुलाच्या मागं उभी होती. ती पुढं आली आणि तिनं बाईंचा हात दोन्ही हातांत धरला. "सुनेचं नको सांगू गो. जाव दे तिला. माजी नात जिती हाय का, येवढंच सांग. थोरल्याचं तेवढंच हाय माज्याकडं."

बाईंचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. मग त्या म्हणाल्या, "मावशी, छबी तिच्या आईबरोबर आहे. तिचं वाईट होईल असं काही नाही. याहून जास्त मला सांगता येणार नाही."

हिराबायनं हात सोडला. "म्हंजी तुला ठावं होतं," ती म्हणाली. काशिनाथसारखं मोठ्यानं नाही, अगदी हळू. "माज्या ओट्यावर बसून, माज्या हातचं खाऊन, तुला ठावं होतं. आता आमच्याकडं यायचं नाय. आमचं काय लिवलंस तं ते बी कुठं दावायचं नाय."

ती गेल्यावर बाई खुर्चीत बसल्या. मला वाटलं त्या रडतील. त्या इतकंच म्हणाल्या, "ते एक वाक्य मी बोलायला नको होतं. सुनंदाला विचारल्याशिवाय ते माझं नव्हतं."

मला त्या वेळी त्यांचा रागच आला. समोर एक म्हातारी तुटत होती आणि या बाई एका वाक्याचा हिशेब मांडत होत्या. आज इतक्या वर्षांनीही कोण बरोबर होतं ते मला सांगता येत नाही. बाईंनी निदान कधी बरोबर असल्याचा आव आणला नाही.

पोलिसात कुणी गेलं नाही. पण कोळीवाडा बंद झाला. पुढच्या रविवारी बाई गेल्या, तर एकेक दार लागत गेलं. त्यांचे मार्गदर्शक मोठे समंजस गृहस्थ होते. ते म्हणाले, साहित्य तर गोळा झालंय, नावं बदला, गावाचं नाव बदला, सगळे तसंच करतात, सहा महिन्यांत प्रबंध उभा राहील. मीही तेच म्हटलं. खरंतर सगळ्यांनीच म्हटलं.

"त्यांनी नको म्हटलंय," बाई म्हणाल्या.

"रागात म्हटलं हो."

"हो म्हटलं होतं ते तरी कुठं विचार करून? करंदी सोलताना म्हटलं होतं. ते मी चालवून घेतलं, तर हेही घ्यायला हवं."

प्रबंध राहिला तो राहिलाच. त्यांच्या मागून आलेले लोक डॉक्टर झाले, विभागप्रमुख झाले. बाई तोच पेपर शिकवत राहिल्या, तितक्याच हळू आवाजात. स्टाफरूममध्ये त्यांच्याशी लोक आता जपून बोलायचे. एवढं पोटात ठेवणाऱ्या बाईंची थोडी भीती वाटत असावी. गंमत म्हणजे इमारतीतल्या बायकांचं दुपारचं येणंही कमी झालं. जिच्याकडे आपलं गुपित सुरक्षित राहणार याची खात्री पटली, तिच्याकडे बायकांनी जाणं का कमी केलं, हे मला कळलं नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "अंदाज आहे, पण बोलायला नको." रविवारी त्या काय करायच्या, ते मला ठाऊक नाही. एकदा रविवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले, तर घरात सगळे दिवे लावलेले, रेडिओ सुरू, आणि बाई बाहेर जायची साडी नेसून पलंगावर बसलेल्या. कुठं निघालात का, विचारलं. "नाही," म्हणाल्या, "सवयीनं नेसले."

नव्वदच्या पुढची गोष्ट. कॉलेजच्या फाटकाशी एक बाई जाधवबाईंची चौकशी करत उभी होती. भरलेल्या अंगाची, हातात भाजीची पिशवी, बरोबर उंच झालेली शाळकरी मुलगी. मी ओळखलं नाही. बाईंनी ओळखलं.

"सुनंदा," त्या म्हणाल्या. "बरी आहेस ना?"

सुनंदा कल्याणजवळ मोहन्याला राहत होती. तिथं कपडे शिवणाऱ्या एका माणसाशी तिनं लग्न केलं होतं. दोघं मिळून दुकान चालवायची. आपण हे करणार असल्याचं तिनं मागच्या दारी बाईंना आधीच सांगितलं होतं, आणि तिची गाडी नीट रुळावर बसेपर्यंत कुणाला कळू देऊ नका, एवढं मागितलं होतं. आम्ही तिला कँटीनमध्ये नेलं. छबीनं वडा खाल्ला.

"कल्याणला कामाला आले होते. म्हटलं, बाईंना भेटून जाऊ," सुनंदा म्हणाली. "आता घरीच या एकदा. आई पण येतात माझ्याकडे."

"कोण आई?"

"सासूबाई. हिराबाय." सुनंदा आमच्या तोंडाकडे बघायला लागली. "आमचं कधीच मिटलं ना! छबी बाजारात दिसली कुणाला तरी, आई शोधत आल्या. दिवसभर हिला मांडीवर घेऊन बसल्या, कुणाशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी म्हणाल्या, नारळीपुनवेला पोरीला पाठव. तेव्हापासून जातो-येतो आम्ही. काशिनाथभावजींच्या लग्नात मीच तर सगळं बघितलं. तुम्हाला कुणी सांगितलं नाय?"

"नाही गं," जाधवबाई म्हणाल्या.

कँटीनमध्ये मुलांचा गोंगाट होता. बाईंनी बशीतला चहा कपात परत ओतला आणि छबीला विचारलं, "कितवीत आहेस?"

त्या दोघी गेल्यावर मीच चिडले. इतकी वर्षं! एकाही माणसाला वाटू नये की त्या बाईंना जाऊन सांगावं? बाई पायऱ्या चढत होत्या. "त्यांनी कशाला सांगायचं?" त्या म्हणाल्या. "मी त्यांच्या घरातली थोडीच होते. बरं झालं मिटलं."

तरी त्या रविवारी त्या कोळीवाड्यात गेल्या. सोमवारी स्टाफरूममध्ये मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. डबा उघडता उघडता त्यांनी आपणहून सांगितलं, "होत्या ओट्यावर. थकल्यात. पाणी दिलं मला."

"मग? काय बोलल्या?"

"काही नाही. आत गेल्या. मी पाणी प्यायले, थोडा वेळ बसले, भांडं ठेवलं आणि आले." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण पाणी दिलं." हे सांगताना त्यांचा चेहरा एखादी चांगली बातमी द्यावी तसा होता.

पुढं काही वर्षांनी त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. डोंबिवलीचा ब्लॉक विकला. त्यांचा भाऊ घोडबंदर रोडला नव्या इमारतीत राहायला गेला होता, त्यामुळं वर्तकनगरचं वडिलांचं घर रिकामं झालं, तिथं त्या परत गेल्या. मी अधूनमधून जायचे, मग अधूनमधूनही राहिलं. शेवटची गेले ती एका उन्हाळ्यात, दुपारची. शेजारी सगळे बदलले होते. त्यांच्या लहानपणचं तिथं कुणी उरलं नव्हतं.

आम्ही बोलत बसलो होतो तेवढ्यात दारात एक मुलगी आली. विशीची, घामानं डबडबलेली, हातात पॅड.

"आंटी, दोन मिनिटं. कपड्याच्या पावडरचा सर्वे आहे."

बाई खुर्चीतून उठल्याच. "ये, ये. किती उन्हातून आलीस. बस आत."

पंखा वाढवला, पाणी दिलं, लिंबू सरबत करायला निघाल्या तेव्हा मुलगीच म्हणाली, "नको आंटी, अजून तीन बिल्डिंगा बाकी आहेत." तिनं पेन काढलं. "घरात किती जण?"

"एक."

मुलगी कागदावर शोधायला लागली. "एक नाय यात. दोन ते चारपासून चालू होतं. दोन ते चार टाकू?"

"नको," बाई म्हणाल्या. "मी एकच आहे. बाजूला लिही ना, एक म्हणून."

"बाजूला लिहिलं तर ऑफिसात चालत नाय, आंटी. सर रद्द करतात फॉर्म."

"मग रद्द होऊ दे. पण खोटं नको लिहूस."

"काय आंटी!" मुलगी वैतागून हसली. "एवढं काय त्यात? सगळ्यांचं असंच भरतो आम्ही." पेन बंद करून ती उठायला लागली.

"अगं, पण बाकीचे प्रश्न?" बाई म्हणाल्या.

"फॉर्मच रद्द ना. मग विचारून काय फायदा?"

"तरी विचार," बाई म्हणाल्या. "आलीच आहेस तर विचार."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? ती पुन्हा बसली. उन्हानं थकली होती, पंखाही बरा वाटत असावा. पेन तिनं पर्समध्ये टाकलं आणि पॅड मांडीवर ठेवून ती एकेक प्रश्न वाचायला लागली. पावडर वापरता की साबण? कपडे रोज धुता की दिवसाआड? कोणता वास आवडतो? जाधवबाई खुर्चीत पुढं सरकून बसल्या होत्या आणि प्रत्येक उत्तर देण्याआधी थोडा विचार करत होत्या.